पडद्यावरील पान : दृश्य सादरीकरणाची रचना

प्रस्तावना

परिषद असो, कंपनीच्या संचालकांची बैठक असो किंवा सहकारी संस्थेची वार्षिक सभा असो, वक्त्याच्या मागे आता बहुधा एक पडदा असतो. त्यावर एकामागून एक पाने सरकत असतात. या पानांना स्लाइड म्हणतात आणि वक्त्याचे बोलणे व स्लाइड यांनी मिळून जे घडते त्याला सादरीकरण म्हणतात. सादरीकरण पाहणारा माणूस कानांनी ऐकतो आणि त्याच वेळी डोळ्यांनी वाचतो. पुस्तकाच्या वाचकाप्रमाणे मागचे पान उलटून पाहण्याची सोय त्याला नसते. पडद्यावर जे मोठे दिसते तेच महत्त्वाचे, असे तो नकळत धरून चालतो. म्हणून पानावर काय लिहायचे याइतकाच ते कोठे आणि केवढे लिहायचे हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. कधी कधी या प्रश्नाच्या उत्तरावर माणसांचे प्राणही अवलंबून असतात.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही स्लाइडचा मथळा आणि तिच्यातील मजकूर यांचा संबंध तपासू शकाल, आकडेवारीसाठी योग्य आलेख निवडू शकाल आणि देवनागरीतील स्लाइड सभागृहात वाचता येईल अशी तयार करू शकाल.

मूळ पाठ

१. पारदर्शिकेपासून पडद्यापर्यंत

संगणक येण्यापूर्वीही सभांमध्ये तक्ते दाखवले जात. पारदर्शक कागदावर रंगीत शाईने लिहून तो ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवत, किंवा छायाचित्रकाराकडून स्लाइड बनवून घेत. या कामाला चित्रकार लागे, दिवस लागत आणि पैसाही लागे. साहजिकच खरोखर आवश्यक तेवढेच तक्ते केले जात.

१९८७ साली अमेरिकेतील फोरथॉट या लहानशा कंपनीने पॉवरपॉइंट ही संगणक प्रणाली बाजारात आणली. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन हे तिचे प्रमुख शिल्पकार होत. तिची पहिली आवृत्ती केवळ मॅकिंटॉश संगणकावर चालत असे आणि तिचे मुख्य काम पारदर्शिकांसाठी काळी-पांढरी पाने छापून देणे हे होते. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर देऊन ती कंपनी विकत घेतली. पुढे कार्यालयातील प्रत्येक टेबलावर संगणक आला आणि प्रत्येक कर्मचारी स्वतःच्या स्लाइड स्वतः तयार करू लागला. आणखी एक स्लाइड जोडण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला. श्रोत्यांच्या वेळेची किंमत मात्र होती तेवढीच राहिली!

या प्रणालीत एक तयार साचा मिळतो. वर मथळा, त्याखाली ठिपक्यांनी सुरू होणारे मुद्दे, त्यांच्या पोटात उपमुद्दे आणि उपमुद्द्यांच्या पोटात आणखी बारीक अक्षरांतील मुद्दे, अशी त्याची उतरंड असते. उतरंडीत जसजसे खाली जावे तसतसे अक्षर लहान होते. हा साचा सोयीचा आहे, परंतु त्यात एक धोका आहे. सर्वांत महत्त्वाची गोष्ट जर उतरंडीच्या तळाशी गेली, तर ती लिहिलेली असूनही दिसत नाही.

२. कोलंबियाची एक स्लाइड

१६ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेच्या नासा या संस्थेचे कोलंबिया हे अंतराळयान सात अंतराळवीरांना घेऊन आकाशात झेपावले. हरियाणातील कर्नाल येथे जन्मलेल्या कल्पना चावला त्यांपैकी एक होत्या. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी इंधनाच्या बाहेरील टाकीवरील फोमचा एक तुकडा सुटला आणि यानाच्या डाव्या पंखावर आदळला. फोम हा थर्मोकोलसारखा हलका पदार्थ असतो. पण येथे आदळण्याचा वेग ताशी सुमारे ८०० किलोमीटर होता. चित्रफितीत हा आघात दुसऱ्याच दिवशी दिसून आला.

यान कक्षेत फिरत होते. जमिनीवर अभियंत्यांचा एक गट या आघाताने किती हानी झाली असेल याचा अभ्यास करू लागला. पंखाची छायाचित्रे मिळावीत, अशी त्यांची इच्छा होती. ती मिळाली नाहीत. तेव्हा जुन्या चाचण्या आणि संगणकावरील गणिते यांच्याच आधारे अंदाज बांधणे त्यांना भाग पडले. २४ जानेवारीला त्यांनी आपले निष्कर्ष स्लाइडच्या रूपाने मांडले. ऐकण्यासाठी इतके अभियंते जमले होते की खोलीत जागा उरली नाही आणि काही जण बाहेरच्या मार्गिकेत उभे राहिले. त्यानंतर त्याच दिवशी मोहिमेच्या व्यवस्थापकांच्या बैठकीत या निष्कर्षांचा थोडक्यात तोंडी गोषवारा देण्यात आला.

त्या सादरीकरणातील एक स्लाइड पुढे जगभर चर्चिली गेली. तिच्या मथळ्याचा आशय असा होता की, चाचण्यांची माहिती पाहता टाइल भेदली जाण्याविषयीचा अंदाज सावधपणाचाच आहे. टाइल म्हणजे यानाला उष्णतेपासून वाचवणाऱ्या फरशा. गणिताने हानी जितकी दाखवली तितकी ती प्रत्यक्ष चाचण्यांत झाली नव्हती, म्हणून गणित सुरक्षिततेच्या बाजूने झुकलेले आहे, असे मथळा सुचवत होता. वाचणाऱ्याला यातून दिलासाच मिळणार.

मथळ्याखालचा मजकूर मात्र वेगळेच सांगत होता. पुरेसा वेग आणि वस्तुमान असेल तर फोम टाइलचे कठीण आवरण भेदू शकतो, असे त्यात होते. आणि अगदी शेवटच्या ओळीत, लहान अक्षरांत, दोन आकडे होते. यानावर आदळलेल्या तुकड्याचे अंदाजित आकारमान १९२० घनइंच होते; चाचणीत वापरलेल्या तुकड्याचे आकारमान ३ घनइंच होते.

या दोन आकड्यांचा भागाकार स्लाइडवर कोठेही नव्हता. तो ६४० येतो. ३ घनइंच म्हणजे सुमारे ५० मिलिलिटर, औषधाची एक छोटी बाटली. १९२० घनइंच म्हणजे सुमारे साडेएकतीस लिटर, घरातल्या दोन बादल्या. बाटलीएवढ्या तुकड्याने केलेल्या चाचण्यांवरून दोन बादल्यांएवढ्या तुकड्याचा परिणाम ठरवला जात होता. चाचण्यांचा मूळ आधारच या प्रसंगाला पुरा पडत नव्हता, हीच त्या स्लाइडवरील खरी बातमी होती. तिला जागा मिळाली ती उतरंडीच्या तळाशी.

आणखी एक दोष भाषेचा होता. ‘लक्षणीय’ या अर्थाचा इंग्रजी शब्द त्या एका स्लाइडवर पाच वेळा आला होता आणि तो दर वेळी निराळ्या गोष्टीला चिकटला होता. कोठे त्याचा अर्थ ‘मोजता येण्याजोगा’, कोठे ‘पुष्कळ मोठा’, तर कोठे ‘जीवघेणा ठरू शकेल असा’ होऊ शकत होता. किती, हे मात्र त्यातून एकदाही कळत नव्हते.

१ फेब्रुवारी २००३ रोजी पृथ्वीच्या वातावरणात परतताना कोलंबिया कोसळले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. चौकशी मंडळाचा अहवाल ऑगस्ट २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये पंखाच्या पुढच्या कडेच्या भागावर फोमचा तुकडा मुद्दाम आदळवून पाहण्यात आला होता; तेव्हा सुमारे ४० सेंटिमीटर रुंदीचे भगदाड पडले. मंडळाने आपल्या अहवालात या स्लाइडचे विश्लेषण छापले. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी ते केले होते. सविस्तर तांत्रिक अहवालांच्या जागी स्लाइड वापरण्याची नासातील सवय हे सदोष संवादाचे एक उदाहरण होय, असा मंडळाचा अभिप्राय होता.

एका स्लाइडमुळे हा अपघात झाला, असे म्हणणे अर्थातच चुकीचे ठरेल. फोम सुटत असल्याचे पूर्वीच्या उड्डाणांतही दिसले होते. छायाचित्रांच्या मागणीचा पाठपुरावा झाला नव्हता. वेळापत्रकाचाही दबाव होता. ज्या अभियंत्यांनी ती स्लाइड केली त्यांनी काहीही लपवले नव्हते, उलट आकडा प्रामाणिकपणे लिहिला होता. नेमके हेच या उदाहरणाचे महत्त्व आहे. मांडणी चुकली की खरे लिहूनही ते पोहोचत नाही.

पाठगत प्रश्न १
(अ) स्लाइडचा मथळा आणि शेवटची ओळ यांत कोणती विसंगती होती?
(आ) ‘लक्षणीय’ या शब्दाऐवजी स्लाइडवर काय लिहिता आले असते?

३. तीच माहिती, वेगळी मांडणी

समजा, हीच स्लाइड नव्याने करायची आहे. प्रथम मथळा पाहू. ‘चाचण्यांचे परीक्षण’ हा मथळा केवळ विषय सांगतो. ‘आदळलेला तुकडा चाचणीतील तुकड्याच्या सुमारे ६४० पट मोठा, जुन्या चाचण्यांवरून हानी ठरवता येत नाही’ हे पूर्ण वाक्य आहे, त्याला कर्ता आहे, क्रियापद आहे आणि ते वाचल्यावर ‘मग आता काय करायचे?’ हा प्रश्न श्रोत्याच्या मनात आपोआप उभा राहतो. निर्णय घेणाऱ्या सभेत मथळ्याने एवढे काम केलेच पाहिजे.

मथळ्याखाली दोन घन काढता येतील, एक ३ घनइंचांचा आणि दुसरा १९२० घनइंचांचा. येथे एक मौज आहे. आकारमान ६४० पट असले तरी मोठ्या घनाची बाजू लहान घनाच्या बाजूच्या साडेआठ पटींहून थोडीच जास्त भरते, कारण लांबी, रुंदी आणि उंची ही तिन्ही वाढतात. डोळा बाजूंची तुलना करतो आणि फरक प्रत्यक्षापेक्षा कमी समजतो. म्हणून चित्राशेजारी ‘६४० पट’ हा आकडा ठळक लिहावाच लागेल. वृत्तपत्रांत नाण्यांच्या राशी किंवा धान्याची पोती लहान-मोठी काढून उत्पन्नाची तुलना दाखवतात, तेव्हाही हाच घोटाळा होतो; फक्त तेथे तो कधी अजाणता होतो, तर कधी जाणूनबुजून केला जातो.

दैनंदिन व्यवहारातील एक कल्पित उदाहरण घेऊ. एका दूध उत्पादक संस्थेत संध्याकाळी ४०० लिटर दूध जमा होते आणि उन्हाळ्यात त्यातील ६० लिटर सकाळपर्यंत नासते. शीतकरण टाकीसाठी कर्ज घ्यावे की नाही, हे सभासदांना ठरवायचे आहे. चिटणीसांनी तयार केलेल्या स्लाइडचा मथळा ‘संस्थेच्या कार्याचा आढावा’ असा असून तिच्यावर स्थापनेचे वर्ष, सभासदसंख्या, मागील वर्षीचे पुरस्कार आणि सर्वांत खाली ‘दुधाची नासाडी : काही प्रमाणात’ असा मुद्दा आहे. सभासद टाळ्या वाजवतील आणि घरी जातील. ‘उन्हाळ्यात संध्याकाळच्या दर १०० लिटरपैकी १५ लिटर दूध नासते, टाकीसाठी कर्ज घ्यावे का?’ असा मथळा असेल, तर चर्चा टाकीवरच होईल. मात्र ही मोजणी केवळ उन्हाळ्यातील आहे, ही गोष्टही त्याच आकाराच्या अक्षरांत सांगितली पाहिजे. हिवाळ्यात नासाडी कमी असेल, तर कर्जाचे गणित बदलते. माहितीची मर्यादा तळटीपेत दडवणे म्हणजे कोलंबियाच्या स्लाइडचाच कित्ता गिरवणे होय.

४. जे आलेखात आलेच नाही

कोलंबियाच्या सतरा वर्षे आधी नासाचेच दुसरे यान, चॅलेंजर, नष्ट झाले होते. २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी ते आकाशातच फुटले आणि त्यातील सात जणांचा अंत झाला. बाजूच्या रॉकेटचे सांधे बंद ठेवणारी ओ-रिंग नावाची रबरी कडी थंडीने ताठर झाली होती. त्यामुळे सांध्यातून तप्त वायू बाहेर आला.

आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या अभियंत्यांनी दूरध्वनीवरील बैठकीत उड्डाण पुढे ढकलण्याची शिफारस केली होती. त्यासाठी त्यांनी घाईने १३ तक्ते तयार करून पाठवले. त्यांतील काही हाताने लिहिलेले होते. थंडी आणि कड्यांची हानी यांचा संबंध आहे, हे त्यांचे म्हणणे बरोबर होते. परंतु तपमान एका अक्षावर आणि हानी दुसऱ्या अक्षावर दाखवणारा एकही आलेख त्या तक्त्यांत नव्हता. सर्वांत थंड हवेतील, म्हणजे ५३ अंश फॅरनहाइटच्या उड्डाणातील हानीचा त्यांत उल्लेख होता. पण ७५ अंशांच्या एका उड्डाणातही हानी झाल्याची नोंद होती. मग थंडीचा संबंध तो काय, असा प्रश्न समोरच्यांनी विचारला. अखेर कंपनीच्या व्यवस्थापनाने आपली शिफारस मागे घेतली.

अपघातानंतर चौकशी आयोगाने साधा आलेख काढला. त्यात हानी झालेली उड्डाणे तर दाखवलीच, पण हानी न झालेलीही दाखवली. तेव्हा चित्र स्पष्ट झाले. ६६ अंश किंवा त्याहून अधिक तपमानाच्या २० उड्डाणांपैकी केवळ तिनांत हानी झाली होती. ६३ अंश आणि त्याखालील चारही उड्डाणांत ती झाली होती. चॅलेंजरच्या उड्डाणाच्या वेळी हवेचे तपमान ३६ अंश होते, म्हणजे सेल्सियसमध्ये २ अंशांच्या आसपास. आधीच्या कोणत्याही उड्डाणापेक्षा ते खूपच खाली होते.

टफ्टी यांनी या तक्त्यांवरही कठोर टीका केली. ती सर्वांना मान्य झाली नाही. उड्डाणाला विरोध करणाऱ्या अभियंत्यांपैकी रॉजर बॉइसजोली आणि त्यांचे सहलेखक यांनी नंतर उत्तर दिले की, काही तासांत, हाताशी असलेल्या अपुऱ्या माहितीवर जे करता येण्याजोगे होते ते अभियंत्यांनी केले. निर्णय फिरवला तो व्यवस्थापकांनी. या उत्तरात तथ्य आहे. ऐकायचेच नाही असे ठरवलेल्या श्रोत्यापुढे उत्तम आलेखही निष्प्रभ ठरतो. तरीही अभ्यासकाने एक गोष्ट येथून उचलण्यासारखी आहे. काही घडले त्या प्रसंगांबरोबर काही न घडलेले प्रसंगही आलेखात आले, तरच कारण आणि परिणाम यांचा संबंध दिसतो.

पाठगत प्रश्न २
(अ) आयोगाच्या आलेखात हानी न झालेली उड्डाणे दाखवल्यामुळे काय साधले?
(आ) बॉइसजोली यांचे उत्तर तुमच्या शब्दांत लिहा.

५. आकृती, अक्षर आणि रंग

आलेखाची निवड प्रश्नावरून ठरते. काळानुसार झालेला बदल दाखवायचा असेल तर रेषालेख आणि वस्तूंची तुलना करायची असेल तर स्तंभालेख घ्यावा. वृत्तालेख दिसायला आकर्षक असतो, म्हणून तो फार वापरला जातो. परंतु विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या अमेरिकन संशोधकांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की, माणसाचा डोळा कोनांपेक्षा एकाच पट्टीवरील स्थानांची तुलना अधिक अचूक करतो. दोन-तीन मोठे भाग असतील तर वृत्तालेख चालतो. सात-आठ असतील तर त्याऐवजी आडवे स्तंभ काढावेत. स्तंभ शून्यापासूनच सुरू व्हावेत. ९६ आणि ९८ या संख्यांचे स्तंभ ९५ पासून काढले, तर दुसरा पहिल्याच्या तिप्पट दिसतो.

देवनागरी अक्षराची गरज रोमन अक्षरापेक्षा वेगळी आहे. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांट्या व अनुस्वार असतात, खाली उकार असतात आणि जोडाक्षरे दाट असतात. म्हणून दोन ओळींमधील अंतर अधिक ठेवावे लागते. लहान आकारात ठळक अक्षर वापरले की त्यातील पोकळ्या भरून जातात आणि ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ दुरून सारखेच दिसू लागतात. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली स्लाइड दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. युनिकोड फॉन्ट वापरणे आणि सोबत पीडीएफ प्रत ठेवणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय होय. परगावच्या परिषदेत, जेथे यजमानांच्या संगणकावर मराठीची सोय नसण्याचा संभव असतो, तेथे तर ही काळजी घ्यावीच.

रंगांच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. काहींना, विशेषतः काही पुरुषांना, लाल आणि हिरवा यांतील भेद ओळखता येत नाही. म्हणून नफा हिरवा आणि तोटा लाल दाखवला तरी शेजारी तसे शब्दही लिहावेत. दुसरी गोष्ट प्रोजेक्टरची. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. जेथे काळे दिसावे तेथे तो फक्त प्रकाश रोखतो. सभागृहातील दिवे चालू असतील तर तो काळा भाग राखाडी दिसतो आणि गडद पार्श्वभूमीवरील अक्षरे फिकी पडतात. उजेडाच्या खोलीत पांढऱ्यावर काळे हेच उत्तम.

अक्षर शेवटच्या रांगेतून वाचता येईल का, हे घरीच तपासता येते. पडदा ३ मीटर रुंद असेल आणि शेवटची रांग १८ मीटर दूर असेल, तर ते अंतर पडद्याच्या रुंदीच्या सहा पट झाले. तेव्हा ३० सेंटिमीटर रुंदीच्या लॅपटॉपपासून १८० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे सहा फूट, दूर उभे राहावे. तेथून जी ओळ वाचता येत नाही ती सभागृहातही वाचता येणार नाही.

६. पडदा आणि हातातील कागद

स्लाइड ही वक्त्याच्या बोलण्याला पूरक असते, तर अहवाल स्वतःच्या पायांवर उभा असतो. बैठकीला न आलेल्यांना नंतर पाठवता यावी म्हणून स्लाइडवरच सगळे लिहून ठेवण्याची रीत अनेक कार्यालयांत रूढ आहे. अशी स्लाइड पडद्यावर वाचता येत नाही आणि अहवाल म्हणूनही अपुरी पडते. ॲमेझॉन कंपनीचे संस्थापक जेफ बेझोस यांनी जून २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकीतील पॉवरपॉइंट बंद करून त्याऐवजी सलग गद्यातील टिपणे लिहिण्यास सांगितले. अशी टिपणे, साधारण सहा पानांपर्यंतची, बैठकीच्या सुरुवातीला सर्वांनी शांतपणे वाचण्याची पद्धत तेथे पडली. ‘म्हणून’, ‘परंतु’, ‘जर’ ही अव्यये ठिपक्यांच्या मुद्द्यांतून गळून जातात. सलग वाक्यांत ती लिहावीच लागतात, आणि ती लिहिताना विचारातली फट लेखकाच्याच लक्षात येते.

प्रत्येक संस्थेने हेच करावे असे नाही. तीनशे माणसांच्या परिषदेत सहा पाने वाचायला वेळ कोठून आणायचा? तेथे पडद्यावर मोजकी चित्रे व वाक्ये आणि हातात तपशिलाचा कागद, अशी वाटणी सोयीची पडते. आकड्यांचा सविस्तर तक्ता, मोजणीची पद्धत आणि अंदाजातील अनिश्चितता कागदावर असावी. मात्र जिच्यावर निर्णय अवलंबून आहे ती अनिश्चितता पडद्यावरही असावी, आणि तीही वरच्या ओळीत.

पाठान्त प्रश्न

१. कोलंबियाच्या स्लाइडमध्ये मांडणीचे आणि भाषेचे कोणते दोष होते ते सोदाहरण लिहा.

२. ‘मथळा हे पूर्ण वाक्य असावे.’ दूध संस्थेच्या उदाहरणाच्या आधारे या विधानाची चर्चा करा.

३. चॅलेंजरच्या तक्त्यांविषयी टफ्टी आणि बॉइसजोली यांच्या मतांतील फरक स्पष्ट करा. तुम्हाला कोणाचे म्हणणे अधिक पटते? का?

४. तुमच्या कामाच्या किंवा राहण्याच्या ठिकाणची एक अडचण निवडा. तिच्याविषयी निर्णय घेणाऱ्या सभेसाठी एकच स्लाइड कागदावर आखा. मथळा, एक आकृती आणि माहितीची मर्यादा सांगणारी एक ओळ तिच्यात असावी. ती भिंतीवर लावून सहा पावले मागे जा आणि शेजाऱ्याला वाचायला सांगा.